फडावरची पत : अनंत फंदी, पवळाबाई आणि अस्सलपणाचा प्रश्न

जी कला रस्त्यावर, जत्रेत किंवा वस्तीच्या चौकात जन्मते आणि पुढे पैसा व प्रतिष्ठा मिळवते, तिच्या कलावंताला एक प्रश्न हमखास विचारला जातो. ज्या लोकांच्या नावाने तो गातो त्यांच्यात त्याला खरोखर स्थान होते काय, की त्यांचे जगणे त्याने केवळ वेषासारखे अंगावर चढवून बाजारात विकले? अलीकडच्या काळात हा प्रश्न रॅप या प्रकाराभोवती, म्हणजे ठेक्यावर, यमके जुळवत, वेगाने बोलल्यासारख्या म्हटल्या जाणाऱ्या काव्याभोवती, विशेष जोराने चर्चिला गेला. १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातील कृष्णवर्णीय व लॅटिन वस्त्यांत ही कला उभी राहिली. १९९० साली ‘आइस आइस बेबी’ या गाण्याने अमेरिकेतील विक्रीच्या यादीत पहिला क्रमांक मिळवला, तेव्हा ते गाणाऱ्या व्हॅनिला आइस या गोऱ्या गायकाच्या प्रसिद्धीसाठी रंगवलेले मायामीच्या रस्त्यांवरचे बालपण आणि डॅलसच्या उपनगरातील त्याचे प्रत्यक्ष शालेय आयुष्य यांतील तफावत वृत्तपत्रांनी उघड केली. गाणे लोकप्रिय राहिले, परंतु गायकाची पत गेली.

मुंबईत डिवाइन आणि नेझी यांच्यासारख्या गायकांनी अंधेरी–कुर्ल्याच्या गल्ल्यांना गाण्यात आणले, २०१९ साली ‘गली बॉय’ हा चित्रपट आला, आणि त्यानंतर हाच वाद भारतातही सुरू झाला. हा वाद आपल्याकडे परदेशातून आला असा समज त्यामुळे सहज होतो. महाराष्ट्रातील शाहिरी व तमाशाचा इतिहास मात्र निराळे सांगतो. आज अहिल्यानगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अहमदनगर जिल्ह्यापुरते, आणि त्यातही संगमनेर तालुक्यापुरते पाहिले, तरी हा प्रश्न तेथे किमान सव्वादोनशे वर्षे वेगवेगळ्या रूपांत विचारला गेला असल्याचे दिसते, आणि त्याची मिळालेली उत्तरे आजच्या वादापेक्षा अधिक बारकाईची आहेत.

उत्तर पेशवाईतील शाहिरी ही फडाची कला होती. फड म्हणजे शाहीर, त्याचा सूर उचलून धरणारे झीलकरी, डफ, तुणतुणे व ढोलकी वाजवणारे साथीदार आणि स्त्रीवेषात नाचणारा नाच्या पोऱ्या यांचा ताफा. पराक्रमाचे व प्रसंगांचे वर्णन करणारा पोवाडा, शृंगारापासून अध्यात्मापर्यंत अनेक विषयांना कवेत घेणारी लावणी, आणि सवालजवाब ही या फडाची मुख्य सामग्री होती. सवालजवाबात शक्तीला श्रेष्ठ मानणारे कलगीवाले आणि शिवाला श्रेष्ठ मानणारे तुरेवाले असे दोन पक्ष समोरासमोर उभे राहत, एकाने पुराणातील किंवा अध्यात्मातील कूट प्रश्न गाऊन टाकावा व दुसऱ्याने तो तिथल्या तिथे, त्याच चालीत सोडवावा असा रिवाज असे, आणि निरुत्तर झालेल्या शाहिराची अप्रतिष्ठा भरल्या फडात होई. शाहिराची पत ठरण्याचे हे पहिले ठिकाण होते. तेथे कुळ, शिक्षण किंवा आश्रयदात्याचे नाव कामास येत नसे. हजरजबाबीपणा, पाठांतर आणि आवाज यांवरच निकाल लागे.

या कलेत जातींची सरमिसळही मोठी होती. होनाजी हा गवळी आणि त्याचा जोडीदार बाळा हा शिंपी, परशराम शिंपी, सगनभाऊ हा शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील मुसलमान, तर सोलापूरचा राम जोशी ब्राह्मण. ब्राह्मण शाहिराची स्थिती यात सर्वांत चमत्कारिक होती, कारण त्याच्याकडे दोन्ही बाजूंनी संशयाने पाहिले जाई. स्वजातीयांच्या दृष्टीने तो डफ–तुणतुण्याच्या नादी लागून बिघडलेला असे, आणि फडाच्या दृष्टीने तो मनात येईल तेव्हा पोथीपुराणाकडे परत जाऊ शकणारा पाहुणा असे. या दुसऱ्या संशयाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे संगमनेरचा अनंत फंदी.

अनंत फंदी याचा जन्म १७४४ सालचा आणि मृत्यू १८१९ सालचा मानला जातो, म्हणजे पेशवाईचा उत्कर्ष, उतार आणि शेवट या तिन्ही अवस्था त्याने पाहिल्या. प्रवरा आणि म्हाळुंगी या नद्यांच्या संगमावर वसलेले संगमनेर पुणे–नाशिक मार्गावरील बाजारपेठेचे गाव होते. फौजा, व्यापारी, यात्रेकरू आणि फकीर–बैरागी यांची तेथे सतत ये–जा असे. फंदीचे घराणे यजुर्वेदी ब्राह्मणांचे आणि उपनाव घोलप असताना त्याला ‘फंदी’ हे नाव मलक फंदी नावाच्या फकिराच्या संगतीमुळे पडले, असे परंपरा सांगते. कुळाने दिलेले नाव मागे पडून संगतीने दिलेले नाव इतिहासात राहावे, ही घटना त्याच्या फडातील स्थानाविषयी पुष्कळ काही सांगते, कारण असे नाव माणूस स्वतःहून घेऊ शकत नाही, ते भोवतालचे लोक ठेवतात आणि तेच टिकवतात.

फंदीला व्यावसायिक यश मिळाले होते. त्या काळी शाहिराचे उत्पन्न दोन मार्गांनी येई. एक मार्ग बिदागीचा, म्हणजे सरदार किंवा संस्थानिकाने कार्यक्रमाबद्दल दिलेल्या मानधनाचा, आणि दुसरा दौलतजादाचा, म्हणजे खूश झालेल्या प्रेक्षकाने भर फडात उधळलेल्या पैशाचा. बिदागी दरबाराची पसंती दाखवी आणि दौलतजादा गर्दीची. दोन्ही एकाच वेळी मिळवणारा शाहीर विरळा असे, आणि फंदी त्या विरळ्यांपैकी होता. त्याचे नाव संगमनेरबाहेर पुण्यापर्यंत आणि नर्मदातीरावरील महेश्वरापर्यंत पोहोचले होते.

महेश्वराशी संबंधित दोन आख्यायिका त्याच्याविषयी सांगितल्या जातात. पहिलीनुसार महेश्वरकडे जाताना सातपुड्यात त्याला भिल्लांनी अडवून लुटले, परंतु हा फंदी शाहीर आहे असे कळताच आणि त्याचे कवन ऐकताच त्यांनी त्याला सन्मानाने सोडले. दुसरीनुसार अहिल्याबाई होळकरांनी त्याची योग्यता जाणून, ब्राह्मणाने तमाशात उभे राहणे शोभत नाही असे त्याला सुनावले, आणि त्यावर त्याने डफ सोडून कीर्तनाचा मार्ग धरला. दोन्ही कथा घडल्या तशाच सांगितल्या गेल्या आहेत असे मानण्याचे कारण नाही. पण शाहिराची पत कशी घडली या इतिहासासाठी त्यांचे मोल त्यांच्या खरेपणात नसून त्या का रचल्या व जपल्या गेल्या यात आहे. पहिली कथा हे रस्त्याने दिलेले प्रमाणपत्र आहे, कारण कायद्याबाहेरच्या, रानातल्या माणसांनीही शाहिराला आपला मानले असे ती सांगते. दुसरी कथा हे सिंहासनाने दिलेले प्रमाणपत्र आहे, कारण ज्याला तमाशातून बाहेर काढावे असे राज्यकर्त्या स्त्रीला वाटले तो मुळात बाहेर काढण्याजोग्या मोलाचा होता असे ती सुचवते. एकाच प्रवासाभोवती या दोन्ही गोष्टी गुंफल्या गेल्या, यावरून फंदीच्या श्रोत्यांना त्याच्यासाठी दोन्ही दाखले हवे होते असे दिसते.

दुसऱ्या कथेचा काळाशी मेळ घालून पाहणे उपयुक्त ठरते. जामखेड तालुक्यातील चोंडी येथे १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाईंचे निधन १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे झाले, म्हणून ही भेट झाली असल्यास ती त्यापूर्वीची असली पाहिजे. ११ मार्च १७९५ रोजी त्याच जामखेड तालुक्यातील खर्डा येथे मराठे आणि निजाम यांच्यात लढाई झाली, आणि तिच्यावरील पोवाडा फंदीच्या महत्त्वाच्या रचनांत गणला जातो. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सवाई माधवराव पेशव्यांचा मृत्यू झाला, त्यावरही फंदीने ‘माधवनिधन’ हे ओवीबद्ध काव्य लिहिले, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीवर म्हणजे १७९६ नंतरच्या काळावर त्याने रचलेले काव्यही उपलब्ध आहे. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. फंदीने फड सोडला असेल, नाच्या आणि सवालजवाब सोडले असतील, पण चालू घटनांवर बोलण्याचा शाहिराचा हक्क त्याने सोडला नाही. कीर्तनाने त्याची जागा बदलली, धंदा बदलला नाही.

या उत्तरकालीन रचनांतूनच त्याला पत असल्याचा भक्कम पुरावा मिळतो. दुसऱ्या बाजीरावाच्या राज्यात पिढीजात चाकरी करणाऱ्यांना भाकरी मिळत नाही आणि नालायक मात्र पोसले जातात, अशा आशयाची तक्रार त्याच्या नावावरील काव्यात स्पष्ट शब्दांत येते. दरबाराच्या बिदागीची अपेक्षा ठेवणाऱ्या कवीला हे बोलणे फायद्याचे नव्हते. दुसरा पुरावा त्याच्या फटक्यांचा आहे. फटका म्हणजे झपाट्याच्या चालीत, रोखठोक शब्दांत व्यवहारातील उपदेश करणारी रचना. सरळ मार्गाने चालावे, वाईट संगत टाळावी, परक्याच्या द्रव्यावर डोळा ठेवू नये असे सांगणारा त्याचा प्रसिद्ध फटका पुढे मराठी शाळांच्या क्रमिक पुस्तकांत गेला आणि ज्यांनी कधी तमाशा पाहिला नव्हता अशा पिढ्यांच्या तोंडी बसला. तिसरा पुरावा प्रतिस्पर्ध्याचा आहे. पुण्याच्या होनाजीने आपल्या कवनात फंदीच्या काव्यशक्तीचा गौरवाने उल्लेख केला. एकाच बाजारात उभ्या असलेल्या दुसऱ्या विक्रेत्याने केलेली ही स्तुती आश्रित भाटाच्या स्तुतीहून वेगळ्या तोलाची ठरते.

तेव्हा व्यावसायिक यश मिळवणाऱ्या या शाहिराला रस्त्यावरची पत होती काय, या प्रश्नाचे फंदीपुरते उत्तर ‘होती’ असेच द्यावे लागते, आणि ती जन्माने नव्हे तर संगतीने, फडातील परीक्षेने आणि सत्तेविषयी बोलण्याच्या तयारीने आलेली होती. मात्र या उत्तरात एक उणीव राहते. फंदी फडातून बाहेर पडू शकला. त्याच्यासाठी कीर्तनाचे दार उघडे होते, आणि ते दार त्याच्या जातीने उघडे ठेवले होते. मलक फंदीला किंवा फडातल्या नाच्या पोऱ्याला महेश्वरच्या गादीवरून असा सल्ला मिळाल्याचे कोणतीही कथा सांगत नाही, कारण त्यांना परत जाण्यासाठी अधिक प्रतिष्ठेची जागाच नव्हती.

ही उणीव पुढच्या शतकात त्याच संगमनेर तालुक्याने ठळकपणे दाखवून दिली. हिवरगाव या गावच्या पवळाबाई एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका महार कुटुंबात जन्मल्या आणि पुढे पवळा हिवरगावकर या नावाने तमाशाच्या मंचावर सर्वत्र गाजल्या. पेशवाईत पुरुष नाच्याने केलेले काम तोपर्यंत स्त्रियांकडे येऊ लागले होते, आणि तमाशाच्या फडावर उभ्या राहिलेल्या पहिल्या काही स्त्रियांत पवळाबाईंचे नाव घेतले जाते. तमाशाची बांधणीही आता पक्की झाली होती. आरंभी गणपतीचे स्तवन करणारा गण, मग कृष्ण, गवळणी आणि मावशी यांच्या थट्टामस्करीची गवळण, त्यानंतर विनोदी संवादांची बतावणी, लावण्या आणि शेवटी वग म्हणजे पूर्ण लांबीचे कथानाट्य, असा तिचा क्रम होता.

पवळाबाईंचे जोडीदार पठ्ठे बापूराव, मूळ नाव श्रीधर कृष्ण कुलकर्णी, हे सध्याच्या सांगली जिल्ह्यातील रेठरे हरणाक्ष गावचे ब्राह्मण होते. जन्म १८६६चा. कुलकर्णीपण आणि घरदार सोडून ते तमाशात आले, जातीबाहेर गेले आणि पवळाबाईंच्या सोबतीने त्यांनी मुंबईच्या थिएटरांत असा जम बसवला की तमाशाच्या लोकप्रियतेचा तो कळस मानला जातो. गिरणगावातील कामगार हा त्यांचा मोठा प्रेक्षक होता. सातारा, नगर, पुणे आणि कोकणातून पोटासाठी आलेल्या या माणसांना तमाशा हा गावाचा धागा वाटे, आणि तिकिटाच्या खिडकीने दौलतजादाची जागा हळूहळू घेतली.

बापूरावांना पत होती काय, हा प्रश्न फंदीपेक्षा निराळ्या प्रकारे सुटतो. फंदी परत फिरला, बापूराव फिरले नाहीत. त्यांनी जात, मान आणि मालमत्ता गमावली आणि १९४५ साली पुण्यात हलाखीतच त्यांचा मृत्यू झाला. कलेसाठी किंमत मोजणे हीच अस्सलपणाची कसोटी मानली तर बापूराव तिला पूर्णपणे उतरतात. त्यांच्या त्यागाची कथा म्हणूनच महाराष्ट्रात सहानुभूतीने सांगितली गेली. ब्राह्मणाने तमाशासाठी काय सोडले याचा हिशेब त्या कथेत तपशीलवार येतो. पवळाबाईंनी काय सोडले किंवा काय मिळवले याचा हिशेब मात्र फारसा कोणी मांडत नाही. ज्या स्त्रीच्या नावावर थिएटर भरत होते तिला आपण अस्सल असल्याचे सिद्ध करावे लागले नाही, कारण तमाशा हा तिच्या जातीच्या स्त्रीचाच धंदा आहे असे समाजाने आधीच ठरवून टाकले होते.

या हिशेबावर नेमके बोट ठेवणारा प्रसंग दलित चळवळीच्या आठवणींत सांगितला जातो. महाडच्या सत्याग्रहाच्या सुमारास, म्हणजे १९२७च्या आसपास, पठ्ठे बापूरावांनी आपल्या खेळांचे उत्पन्न चळवळीला देऊ केले, आणि महार स्त्रियांना नाचवून मिळवलेला पैसा नको म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते नाकारले. बापूरावांच्या हेतूबद्दल येथे शंका घेण्याचे कारण नाही. आंबेडकरांचा आक्षेप त्यांच्या अस्सलपणावर नव्हताच. फडावरची पत कोणाच्या नावावर जमा होते आणि तिची किंमत कोणाच्या अंगावर पडते, हा प्रश्न त्यांनी पुढे केला, आणि त्यामुळे शाहीर खरा की खोटा हा जुना वाद एका झटक्यात दुय्यम ठरला. याच विचारातून पुढे आंबेडकरी जलसा आकाराला आला. सत्यशोधक जलशाप्रमाणेच त्यानेही तमाशाची बांधणी घेतली, परंतु तिच्यात प्रबोधन आणले, आणि स्त्रीचे नृत्य वगळले. कलेचा ठेका तोच ठेवून तिचा व्यवहार बदलण्याचा तो प्रयत्न होता.

तमाशाचा धंदा मात्र चालू राहिला. संगमनेर हे त्याचे एक प्रमुख ठाणे बनले आणि तुकाराम खेडकर व कांताबाई सातारकर यांच्या फडाने ते नाव विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राज्यभर नेले. तुकाराम खेडकर यांच्या मृत्यूनंतर कांताबाईंनी स्वतःचा फड उभा केला आणि मुलगा रघुवीर खेडकर यांच्यासह तो अनेक वर्षे चालवला. दसऱ्यापासून उन्हाळ्यातील जत्रांपर्यंतच्या हंगामात तंबू, ट्रक, वाद्यवृंद आणि कलावंतांचा मोठा ताफा घेऊन गावोगाव फिरणारा असा फड म्हणजे एक पूर्ण उद्योगच असे. शेजारच्या पुणे जिल्ह्यातील नारायणगावात फडमालकांच्या राहुट्या उभ्या राहतात, आणि गावोगावचे जत्रेचे कारभारी तेथे येऊन सुपारी देतात, म्हणजे तारीख ठरवून आगाऊ रक्कम मोजतात. या व्यवहारात पत हा शब्दशः पैशाचा विषय असतो. पाऊस, दुष्काळ, निवडणूक किंवा साथ यांपैकी कशानेही हंगाम बुडाला की फडमालक सावकाराकडे जातो, आणि सावकार त्याला त्याच्या नावावर कर्ज देतो. कांताबाईंना राज्य शासनाचा विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार मिळाला. मे २०२१ मध्ये, करोनाच्या साथीत सलग दोन हंगाम बुडालेले असताना, त्यांचे संगमनेरला निधन झाले. फडमालकीण म्हणून त्यांनी पवळाबाईंच्या पिढीला न मिळालेली एक गोष्ट मिळवली होती. फडाचे नाव, त्याचे कर्ज आणि त्याची कमाई या तिन्हींवर त्यांचा स्वतःचा हक्क होता.

या पार्श्वभूमीवर आजच्या रॅपविषयीचा वाद पुन्हा पाहिला तर त्याची मांडणी अपुरी असल्याचे जाणवते. पुण्याच्या ताडीवाला रोड परिसरातून आलेला रॅपर एमसी स्टॅन २०२३ साली दूरचित्रवाणीवरील ‘बिग बॉस’च्या सोळाव्या पर्वाचा विजेता ठरला, तेव्हा तो वस्तीचा राहिला की बाजाराचा झाला यावर चाहते आणि टीकाकार यांच्यात बरीच चर्चा झाली. यश मिळताच पत आपोआप संपते हे या चर्चेतील गृहीतक फंदीच्या उदाहरणाने खोटे ठरते, आणि वस्तीत जन्म झाला की पत कायमची मिळते हे दुसरे गृहीतकही फडाच्या सवालजवाबात कधीच टिकले नसते. शिवाय हा प्रश्न प्रामुख्याने त्यांनाच विचारला जातो ज्यांच्याकडे दुसरे जग उपलब्ध असते किंवा यशाने ज्यांना ते उपलब्ध होते. व्हॅनिला आइसला तो विचारला गेला, बापूरावांना विचारला गेला, पवळाबाईंना विचारला गेला नाही.

संगमनेर तालुक्याचा हा दीर्घ इतिहास म्हणून अस्सलपणाच्या शोधाला एक वेगळे वळण देतो. शाहीर किंवा रॅपर मूळचा कोठला, एवढ्यावर त्याची पत ठरवणे सोपे आहे, पण त्यातून फारसे कळत नाही. प्रतिस्पर्ध्यांच्या समोर तो उभा राहिला काय, ज्याच्याकडून बिदागी घ्यायची त्याच्याविरुद्ध त्याने तोंड उघडले काय, आणि त्याच्या यशाची कमाई त्याच्या फडातील शेवटच्या साथीदारापर्यंत पोहोचली काय, हे तीन प्रश्न अधिक उपयोगाचे आहेत. फंदी पहिल्या दोन कसोट्यांना उतरतो, तिसरीविषयी त्याचे चरित्रकार गप्प आहेत. बापूरावांना तिसऱ्या कसोटीवर त्यांच्या हयातीतच जाब विचारला गेला. लोककलेतून मोठा झालेल्या कोणत्याही कलावंताचे मोजमाप यापुढे करायचे असेल, तर त्याची सुरुवात तिसऱ्या प्रश्नापासून करणे न्यायाचे ठरेल, कारण पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कलावंत स्वतः देऊ शकतो, परंतु तिसऱ्याचे उत्तर त्याच्या फडातील इतरांनाच द्यावे लागते.